वस्त्र कोणाच्या हातचं

१३१० च्या जानेवारीत मलिक काफूरची फौज वारंगळच्या वाटेवर होती. काकतीय राजा प्रतापरुद्राला नमवायचं, हे अल्लाउद्दीन खिलजीचं फर्मान. वाटेत या फौजेने एका किल्ल्यावर छापा घातला. अमीर खुसरोने त्याचं नाव ‘सरबर’ असं नोंदवलं आहे. इतिहासकार ते आदिलाबाद भागातलं, वर्धा नदीजवळचं सिरपूर मानतात. किल्ल्यात जोहार झाला, मुख्य सरदार पडला आणि मागे उरलेल्या त्याच्या अनानीर नावाच्या भावाला गादीवर बसवून फौज पुढे सरकली.

तटाच्या दोन बाजूंना त्या दिवशी दोन वस्त्रपद्धती उभ्या होत्या. बाहेरचा तुर्की स्वार शिवलेल्या अंगरख्यात, इजारीत, गुडघ्यापर्यंतच्या बुटांत. आतला लढणारा कमरेला कासोटा, डोक्याला गुंडाळलेलं कापड, फार तर खांद्यावर एक शेला. हे चित्र पाहून, सुई उत्तरेतून आली आणि त्याआधी दख्खन उघडंच होतं, असं कोणी म्हणू लागलं तर त्याने अजिंठा पाहून यावं. पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर राजा कमरेपासून वर उघडा आहे. अंगावर मोती, बाहूंवर केयूर, कमरेला इतकं तलम वस्त्र की चित्रकाराने ते नुसत्या रेघांनी सुचवलं आहे. आणि त्याच्या मागे चवरी ढाळणारे, मद्याची सुरई घेऊन उभे असलेले सेवक? ते लांब बाह्यांच्या शिवलेल्या कपड्यांत. तेव्हा सुई होती, शिंपीही होता. फक्त शिवलेलं वस्त्र चाकराचं नि परदेशी पाहुण्याचं होतं, धन्याचं नव्हतं. हजार-बाराशे वर्षांत हे नेमकं उलटलं. सतराव्या शतकात याच मुलखात धनी जामा घालून बसला आणि चाकर उघडा उभा राहिला. मध्ययुगातल्या पोशाखाची गोष्ट मला या उलथापालथीपाशी सुरू होते असं वाटतं.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचं मध्ययुग एका राज्याचं नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी जैनद इथे परमार जगद्देवाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने, पद्मावतीने, सूर्याचं मंदिर उभारल्याचा शिलालेख आहे. पुढे काकतीय, मग दिल्ली, मग बहमनी, वऱ्हाडची इमादशाही, मोगल. आणि या साऱ्यांच्या पोटात, जंगलाच्या आडोशाने, गोंड राजांची सत्ता. त्यांचं पहिलं ठाणं सिरपूर, मग बल्लारपूर, मग चंद्रपूर, म्हणजेच चांदा. राजुरा-किनवट १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते, हे पाहिलं तर इथे तेलुगू गोची आणि मराठी काष्टा एकाच बाजारात का दिसतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

काकतीय काळात तर राजा नि नांगऱ्या दोघेही न शिवलेल्या कापडातच असत. देवळांवरच्या शिल्पांत द्वारपाल, दाता आणि देव, सगळ्यांच्या अंगावर एकच घाट: कमरेला नेसू, वर दागिने. मार्को पोलोने तमिळ किनाऱ्याबद्दल लिहिताना, इथे शिंप्याला कामच नाही, असं नवल केलं. तिथला राजाही प्रजेइतकाच उघडा, पण गळ्यात रत्नांची रास. काकतीयांच्या मोटुपल्ली बंदराकडे आल्यावर मात्र त्याची नजर कापडावर खिळली. कोळ्याच्या जाळ्यासारखं तलम सूत, जगातल्या कोणत्याही राजाने किंवा राणीने आनंदाने नेसावं असं, हे त्याचं मत. सूत किती तलम, वस्त्र किती लांब आणि रंग किती पक्का, या तीन गोष्टी माणसाची पायरी सांगत. वस्त्राचा घाट नाही.

लांबी सगळ्यांत सोपी. शेतात राबणाऱ्याला लंगोटी नि एक पंचा. बरा खातापिता असेल तर गुडघ्यापर्यंतचं धोतर. पाटील-देशमुखाचं धोतर पोटरीखाली उतरे, कारण त्याला चिखलात उतरायचं नसे. बाईचं लुगडंही तसंच. राबणारीचं गुडघ्याशी खोचलेलं, वाड्यातलीचं घोट्याशी लोळणारं. डोक्यावर कुणब्याचं मुंडासं, तेही स्वतःच्या हाताने गुंडाळलेलं. पाटलाचं पागोटं त्याहून ऐसपैस. थंडीवाऱ्याला धनगर-कुरमांनी विणलेली काळी घोंगडी, जी मेंढपाळाची, कुणब्याची आणि गावराखणीच्या महाराची एकच.

रंगाचं गणित जास्त खोल आहे. पळसाच्या फुलांचा पिवळा रंग जंगलात फुकट मिळे, पण धुण्याला टिकत नसे. करडईच्या फुलांचा कुसुंबी दिसायला झगझगीत, तोही पाण्याला घाबरणारा. निळीचा टिके. खरा मानाचा रंग आलीचा तांबडा. आल हे वऱ्हाड-चांद्याकडे मुद्दाम लावलं जाणारं झाड; त्याचा रंग मुळांत असतो, आणि मुळं तीन-चार वर्षं जमिनीत राहिल्यावर खणून काढावी लागतात. तीन वर्षं रान अडकवून ठेवणं गरिबाला परवडणारं नव्हे. म्हणून पक्का लाल काठ म्हणजे कोणाच्या तरी जमिनीची तीन वर्षं, आणि ती अंगावर मिरवणारा माणूस कोण हे लांबूनच कळे. १८६९ नंतर कृत्रिम अलिझरीन आलं आणि काही दशकांत आलीची शेती संपली. लाल रंग बाजारात कोणालाही मिळू लागला.

पण रंगाचा अर्थ सगळीकडे सारखा नव्हता, हे इथे लक्षात ठेवावं. ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या विधवेला तांबडं आलवण नेसावं लागे. आणि केसलापूरच्या नागोबा जत्रेत, पौष अमावास्येच्या सुमारास, मेस्राम कुळातल्या नव्या सुना देवाला दाखवतात ती ‘भेटिंग’ अजून होते. त्या सुना डोक्यावरून पदर ओढून पांढऱ्या लुगड्यात येतात. एका घरात तांबडं म्हणजे संपलेला संसार, दुसऱ्या घरात पांढरं म्हणजे सुरू झालेला.

सूत कोण काढत होतं? घरोघरच्या बायका, चातीवर. चरखा भारतात दिसतो तो चौदाव्या शतकात, आणि त्याचा पहिला लेखी पुरावा दख्खनमधलाच आहे. इसामीने बहमनी राज्यात बसून १३५० मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी इतिहास पूर्ण केला. त्यात रझिया सुलतानाबद्दल बोलताना, बाईने चरख्याशी बसावं हे बरं, अशा अर्थाचा टोमणा आहे. टोमणा जुनाट, पण कापडाच्या इतिहासाला त्याने फार मोठी मदत केली! चातीपेक्षा चरख्यावर सूत कित्येक पटींनी निघतं. मध्ययुगाच्या उत्तरार्धात साध्या माणसाच्या अंगावर दोन हात कापड जास्त आलं असेल तर त्याचं श्रेय कोणा सुलतानाला नव्हे, या चाकाला द्यावं.

काळ्या जमिनीतला कापूस, पिंजाऱ्याची धनुकली, घरचं सूत, आणि मग माग. तलम नि रेशीमकाठी वस्त्रं कोष्टी, साळी, पद्मशाली विणत. जाडंभरडं कापड मात्र चांदा-नागपूर पट्ट्यात महार विणत, आणि ते गावातला बहुतेक माणूस नेसे. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या हाताने विणलेलं कापड अंगावर. सुताला विटाळ लागत नाही, अशी सोय शास्त्राने काढली होती. गरज पडली की शास्त्र फार समजूतदार होतं.

या जाड्याभरड्या कापडातलं काही उरलं आहे का? जवळजवळ नाही. श्रीमंताचा शेला पेटीत राहतो. गरिबाचं लुगडं फाटलं की त्याची चोळी, चोळीचं टापरं, टापऱ्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं. एक अपवाद आहे आणि तो अंबाजोगाईत आहे. दासोपंत (१५५१–१६१५), जन्म तेलंगणातल्या नारायणपेठेचा. या कवीने ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता सुमारे २४ हात लांबीच्या खादीच्या पासोडीवर लिहिलं. पासोडी म्हणजे पांघरायचं साधं जाड कापड. कविता नसती तर ती केव्हाच चिंध्या होऊन गेली असती. तिचे धागे पाहताना मी तरी ओव्या वाचायला विसरतो.

रेशमाची तऱ्हा आणखी मासलेवाईक. गोदावरी-प्राणहितेच्या काठच्या रानात, चेन्नूर भागात, ऐन नि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकतो. झाडावर चढून अळ्या राखायच्या, पाखरं हाकायची, कोष उतरवायचे, हे काम रानातल्या लोकांचं. नदीच्या पलीकडे, चांद्याकडे, हेच काम ढिवर करत. त्या कोषाचं वस्त्र झालं की मात्र ते सोवळं. पूजेला बसणारा ब्राह्मण कोशाचं नेसे, आणि ज्याने तो कोष झाडावरून उतरवला त्याला त्या पूजेच्या ओसरीवर पाय ठेवता येत नसे.

तर सुई धन्याच्या अंगावर कशी आली? दरबारातून, आणि देणगी म्हणून. मोहंमद तुघलकाच्या काळचं वर्णन अरब लेखक उमरीने ऐकीव माहितीवर केलं आहे: सुलतान वर्षाला दोन लाख पोशाख वाटतो, एक लाख वसंतात, एक लाख शरदात. आकडा फुगवलेला धरला तरी पद्धत खरी. याच मोहंमदाने, तेव्हा उलुघ खान असताना, १३२३ मध्ये वारंगळ घेतलं. तेव्हापासून खिलतीची, शिरपावाची ही रीत दख्खनमध्ये मुरली. वरच्याने आपल्या हाताने शिवलेला पोशाख द्यायचा, खालच्याने तिथल्या तिथे अंगात घालून मुजरा करायचा. जो घालतो तो चाकर. पण गावी परतल्यावर तोच पोशाख घालून तो राजा. अजिंठ्यातल्या सेवकाचा अंगरखा असा वळसा घेऊन मालकाच्या अंगावर चढला.

चांद्याच्या गोंड राजांच्या दंतकथेत ही गोष्ट फार नेटकी सापडते. सूर्या बल्लाळसिंह हा गाणारा, देखणा राजकुमार उत्तरेत गेला. त्याच्या गाण्याची कीर्ती दिल्लीला पोचली. बादशहाने त्याला कैदेत टाकलं, आणि सोडलं ते एक अवघड किल्ला घेऊन देण्याच्या बोलीवर. किल्ला पडला. बक्षीस काय, तर खिलत आणि ‘शेरशहा’ हा किताब. चांद्याच्या राजांच्या नावापुढे तेव्हापासून ‘शहा’ लागलं, आणि त्याचाच मुलगा खांडक्या बल्लाळशहा, ज्याने चंद्रपूर वसवलं. कथा इतिहास म्हणून तपासायला घेतली तर फार टिकणार नाही. पण गोंड घराण्याने स्वतःचं मोठेपण कशात मोजलं, हे ती सांगते: एका पोशाखात नि एका शब्दात. अकबराच्या काळातल्या ‘आइन-ए-अकबरी’मध्ये चांद्याच्या बाबाजी राजाकडे चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद आहे. इतकं पायदळ बाळगणाऱ्या घराण्यालाही दिल्लीच्या पोशाखाची कथा जपावीशी वाटली.

१६६७ मध्ये तर कथा राहिली नाही. औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला आणि राजा मांजी मल्लार माणिकगडाकडे त्याच्या भेटीला गेला. माणिकगड म्हणजे आदिलाबाद भागाच्या वेशीवरचाच डोंगर. जबर खंडणी ठरली. मोगली रिवाजात अशी शरणागती खिलतीने पुरी होत असे; खंडणी घेणारा पोशाख देतो, आणि ज्याने दिलं तोच उपकृत ठरतो. या काळापर्यंत जहागीरदार, देशमुख, देशपांडे यांच्या कचेरीच्या पोशाखात अंगरखा नि जामा बसला होता. त्यातही पंक्तिभेद होताच: जाम्याचे बंद हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. घरी आलं की जामा खुंटीला, आणि पुन्हा धोतर-उपरणं. शिवलेलं कचेरीसाठी, न शिवलेलं देवासाठी आणि जेवणासाठी.

पोशाख वरून खाली येतो, ही साखळी दरबारात संपत नव्हती. ती गावात, गोंडवाड्यात, मसणवट्यापर्यंत जात होती.

परधान हे गोंडांचे भाट. गोंड कुळांच्या उत्पत्तीकथा, देवांच्या कथा किंगरीवर गाणारे तेच. त्यांच्यावाचून गोंडाचं क्रियाकर्म पुरं होत नाही. यजमान घरात माणूस गेला की त्याचे कपडे नि दागिने परधानाला मिळतात. तो ते हक्काने मागतो, हक्काने घेतो. मृताची वस्त्रं गाणाऱ्याच्या अंगावर गेली की मृताचं नावही गाण्यात राहील, असा हा व्यवहार. त्यात कमीपणा नाही.

त्याच टापूत, कोसभर अंतरावरच्या मराठी गावात, प्रेतावरचं कापड महाराला मिळे. तोही हक्कच होता, बलुत्याच्या यादीतला. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेतवस्त्र नेसायला सांगितलं; गावगाड्याने त्याचा हक्क केला आणि त्या हक्काने माणसाला कायमचं खाली बसवलं. मृताचं कापड दोघांनीही घेतलं. एकाला ते नातं म्हणून दिलं, दुसऱ्याला विटाळ म्हणून. कापडात फरक नव्हता. मध्ययुगीन पोशाखाबद्दल लिहिणारे सहसा जरीकाठ नि पागोट्यांचे प्रकार मोजत बसतात. मला हे दोन हक्क शेजारी ठेवून पाहिल्यावर जे कळलं ते त्या मोजदादीतून कधी कळलं नसतं. अंगावर काय आहे याहून ते कोणाच्या हातून, कशासाठी आलं, यावर माणसाची पायरी ठरत होती.

महाराचा वेश कसा होता, हे पाहायचं तर कीर्तनात जावं. दामाजीपंताने दुष्काळात सरकारी कोठार लुटवलं, तेव्हा बेदरच्या दरबारात रक्कम भरायला विठोबा आला तो विठू महार होऊन: लंगोटी, खांद्यावर घोंगडी, डोक्याला फाटकं मुंडासं, हातात काठी. दासोपंतांच्या सुटकेसाठीही दत्त येतो तो पाडेवार, म्हणजे महाराच्या रूपात. आणि दरबार पुन्हा बेदरचाच. कीर्तनकार त्या वेशाचं वर्णन रंगवून करी आणि ऐकणारे डोळे पुसत. देवाला तो वेश एका दिवसाचा होता.

कोणी काय नेसावं यासाठी युरोपात कायदे केले गेले. इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या १३६३ च्या कायद्याने नांगऱ्या, मेंढपाळ यांनी कोणतं जाडंभरडं लोकरी कापड वापरावं हे ठरवून दिलं. कारण प्लेगनंतर मजुरी वाढली होती आणि मजूर बऱ्या कपड्यांत दिसू लागला होता. आपल्याकडे राजाला एवढे कष्ट घ्यावे लागले नाहीत, गाव पुरेसं होतं. त्या गावाचे नियम कसे असतील याचा नमुना फार उशिरा कागदावर आला. इंदूर भागातल्या सवर्णांनी १९२८ मध्ये बलाई जातीला बजावलं होतं: जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आंबेडकरांनी ‘जातिसंस्थेचं निर्मूलन’ या पुस्तकात ही यादी दिली आहे. यादी विसाव्या शतकातली, पण शब्दागणिक मध्ययुगातली: पागोटं, काठ, दागिना.

गोंड बायकांनी यावर काढलेला मार्ग कातडीवरचा. गोंदण. लुगडं जळतं, चांदी सावकाराकडे जाते, गोंदलेलं मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. मेल्यावर बरोबर येणारा दागिना तेवढाच, अशी समजूत आजही ऐकू येते. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ १९४०च्या दशकात गोंड नेता कुमराम भीमच्या लढ्यानंतर या भागात आला, मार्लवाईत राहिला, आणि त्याने ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) लिहिलं. तोवर इथल्या गोंड बायका मराठमोळ्या पद्धतीने काष्टा घालून लुगडं नेसत होत्या. राज्य गेलं होतं १७५१ मध्ये, रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला तेव्हा. नेसणं शेजारच्यांसारखं झालं होतं.

वर्षातून एकदा, गोंडांच्या दिवाळीतल्या दंडारी नाचात, हा सगळा हिशेब बाजूला पडतो. नाचणारा गुसाडी अंगाला राख फासतो, खांद्यावर बकऱ्याचं कातडं टाकतो आणि डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप चढवतो. सूत नाही, काठ नाही, सुई नाही. तरी त्या दिवसांत गावोगाव मान त्याचाच. २०२१ मध्ये मार्लवाईच्या कनक राजू या गुसाडी कलावंताला पद्मश्री मिळाली.

एरवीचा हा हिशेब विस्कटायला लागला तो गिरणीने. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आजूबाजूच्या मुलखात एकसारख्या पोताचं, एकसारख्या पन्ह्याचं स्वस्त कापड येऊ लागलं. हातसुताचा माग बसला. नुसत्या कापडावरून माणूस ओळखणं अवघड होत गेलं, आणि महाराच्या खादीला गिऱ्हाईक उरलं नाही. विणकाम हाच ज्यांचा धंदा होता त्यांच्यातले पुष्कळ गिरण्यांकडे वळले. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना सूतखात्यात घेत, विणाईखात्यात नाही. विणाईत पगार जास्त होता, पण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा हातात धरायला इतर विणकर तयार नव्हते. १९२८ च्या गिरणी संपात आंबेडकरांनी विणाईखातं खुलं करण्याची मागणी पुढे रेटली ती यासाठी.